निखळ शून्य

मालन वायदंडेच्या अहवालात शंभरात सात पेशी निघाल्या आणि त्या दिवसापासून राजमती मगदूमच्या पोटात दुखायला लागलं. यकृतातल्या गाठी दुखत होत्या ते वेगळं, त्यावर गोळी होती. हे दुसरं दुखणं बायकांना चांगलं ठाऊक असतं. पुरुषांना नसतं असं नाही, ते कबूल करत नाहीत एवढंच.

दोघींची ओळख सहा वर्षांपूर्वीची. मिरजेतल्या एका कर्करोग रुग्णालयात (नाव कशाला घ्या, मिरजेत रुग्णालयं काय कमी आहेत!) एकाच सकाळी, एकाच टेबलावर, एकीमागून एक दोघींचा डावा स्तन काढला. आधी राजमतीचा, मग मालनचा. वॉर्डात खाटा शेजारी आल्या. राजमती म्हणजे म्हैसाळच्या मगदुमांची थोरली सून. सासरे तात्या, तीन दीर, चार नणंदा, द्राक्षाच्या बागा, आणि खाटेभोवती सकाळ-संध्याकाळ माणसांची जत्रा. मालन मिरज आगारात एसटीची कंडक्टर. लग्न झालं होतं ते मोडलं, आई होती ती गेली. तिच्या खाटेपाशी एक स्टूल होतं, आणि मगदुमांच्या गर्दीत ज्याला टेकायला जागा मिळायची नाही तो त्या स्टुलावर जाऊन बसायचा.

राजमतीच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य. डबा मात्र दोघींना पुरेल एवढा यायचा. मालन अर्धा डबा फस्त करायची आणि वर नावं ठेवायची. बिनलसणाचा ठेचा म्हणजे बिनघंटीची एसटी, म्हणायची. राजमतीला राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. आपल्याकडे देण्याजोगं खूप आहे आणि हिच्याकडे काहीच नाही, ही जाणीव माणसाला फार मायाळू करून सोडते.

अहवालही दोघींचा सारखाच आला. स्तनाच्या गाठीत डॉक्टर तीन खुणा शोधतात, दोन संप्रेरकांच्या आणि एक हर-टू नावाच्या प्रथिनाची. खूण सापडली तर तिच्यावर नेम धरणारं औषध देता येतं. नाही सापडली तर मग सरसकट केमो, लागेल ते लागो. दोघींच्या तिन्ही खुणा शून्य. दोघींचे केस गेले, दोघींचे आले, आणि चार वर्षं बरी गेल्यावर एकाच हिवाळ्यात दोघींचं दुखणं उलटलं. मालनच्या फुप्फुसाच्या पडद्यात पाणी झालं, राजमतीच्या यकृतात गाठी दिसल्या. पुन्हा त्याच डे-केअरच्या खुर्च्या, तीच सलाईनची नळी. राजमती रडली खूप, पण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. शेजारच्या खुर्चीत मालन आहे म्हणून तिला धीर यायचा. बुडायचंच तर दोघी बुडू, असं काहीसं. दुःखात बरोबरी असली की हेवा जागा होत नाही.

मग दोन हजार छत्तीसच्या उन्हाळ्यात नियमावली बदलली.

ती भानगड अशी. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. त्याची पापुद्र्यासारखी चकती कापायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हर-टू असेल तर पेशीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. जुन्या औषधाला ही रेघ ठळक, गोल आणि बहुतेक पेशींवर लागायची, म्हणून फिकट रेघांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. शंभरात सात-आठ पेशींना पुसटशी कडा आली तरी तपासणारा सरळ शून्य लिहून मोकळा व्हायचा. नवं औषध निराळं निघालं. ते पोस्टमनसारखं चालतं. दारावर नाव अर्धवट पुसलेलं असलं तरी चालतं, घर ओळखलं की विषाचं पुडकं आत टाकतं, आणि ते पुडकं फुटलं की शेजारची दोन घरंही जातात. म्हणजे आता पुसट रेघसुद्धा लाखमोलाची झाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा मोजणारी यंत्रं आली, आणि नियमावलीनं शून्याचे दोन भाग केले. एक 'शून्याच्या वर', त्यांना औषध. दुसरं 'निखळ शून्य', त्यांना नाही. गाठ तीच, ठोकळा तोच, बाई तीच. बदलला तो कागद.

जिल्ह्यातले सगळे जुने ठोकळे काढून पुन्हा वाचले गेले. निरोप फोनवर आले. मालनला सात. राजमतीला निखळ शून्य.

राजमतीनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं की यकृतातल्या गाठीत सुई घालून नवा तुकडा का घेत नाही. ते म्हणाले, गाठ अडचणीच्या जागी आहे, बाजूला मोठी रक्तवाहिनी आहे, आणि जुना ठोकळा स्पष्ट शून्य सांगत असताना नव्या सुईला मंजुरी मिळत नाही. नियमावलीतच तसं लिहिलंय. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले.

पुढचे चार महिने राजमतीनं जे सोसलं ते कुठल्या अहवालात आलं नाही. तिची जुनी केमो चालू होती. तोंडाला फोड, पायाला मुंग्या, अन्नाचा वास नको. आणि मालन? मालन तीन आठवड्यांतून एकदा येऊन औषध घ्यायची आणि चालत स्टँडवर जायची. तिच्या गालावर तुकतुकी आली. आवाज तर असा सुटला की पलीकडच्या वॉर्डातले लोक दचकायचे. एकदा येताना पेरू घेऊन आली, मोठाले, आणि राजमतीसमोर बसून मीठ लावून दोन खाल्ले. राजमतीला फोडीचा वासही सोसवत नव्हता. तिनं तोंड फिरवलं. मालनला वाटलं अक्काला मळमळतंय, तिनं लगेच पेरू पिशवीत टाकले आणि माफी मागितली. त्यानं राजमतीचा आणखीच तिळपापड झाला. भांडली असती तर बरं झालं असतं.

स्कॅन झाल्याचा फोनही मालननं पहिला राजमतीलाच केला. पाणी जवळजवळ गेलं, गाठी निम्म्या झाल्या. राजमती म्हणाली, छान झालं गं, देव पावला. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला विनाकारण झापलं, की डाळीला मीठ नाही. डाळ अजून शिजायची होती.

तिचा नवरा भूपाल साधा माणूस. तो आपला म्हणायचा की मालनला गुण आला म्हणजे औषध चांगलं आहे, आज ना उद्या तुझ्यासाठीही काही निघेल. राजमती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिच्या मनात एकच घोळत होतं. हिलाच का? हिच्या मागं रडायला कोण आहे? माझी नात पहिलीत जायचीय, बागेला मी लागते, सणावाराला सगळं घर माझ्याभोवती फिरतं. हिच्या घराला कुलूप लागलं तर शेजाऱ्याला आठ दिवस कळणार नाही. असला हिशेब माणसानं करू नये. पण करतात सगळे, आणि राजमती तर दिवसातून दहा वेळा करायची.

अशात एक दिवस तिच्या डोक्यात आलं की एकच सकाळ, एकच टेबल, गाठींच्या दोन बरण्या. बदलल्या असतील तर?

हा विचार आला आणि तिला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कित्येक महिन्यांनी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. त्या सात पेशी आपल्याच. मालनच्या नावाची चिठ्ठी आपल्या बरणीला लागली आणि आपली तिच्या बरणीला. मग मालनला गुण कसा आला, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही असं नाही. विचारला आणि दाबून टाकला. जळणाऱ्या माणसाला वकिली फार सुचते. तिनं भूपालला बोलून दाखवलं.

भूपालनं विचारलं, चौकशी लागली तर मालनचं औषध थांबेल का?

"आणि ते माझंच असेल तर?" राजमती म्हणाली.

तो बागेत निघून गेला.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. तस्नीम मुजावर. मिरजेच्याच. बारीक चणीच्या, चष्मा सतत कपाळावर, आणि ऐकून घेताना समोरच्याकडे टक लावून बघायच्या. राजमतीचं म्हणणं त्यांनी पुरतं ऐकलं. म्हणाल्या, दोन रुग्णांच्या ठोकळ्यांची अदलाबदल झाल्याचा संशय कुणी लेखी कळवला तर नव्या नियमाप्रमाणे दोन्ही ठोकळ्यांची ओळख रक्ताशी जुळवून बघता येते. अर्ज करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. पण अर्ज पुढं गेला की त्या अहवालांवर चाललेले उपचार निकाल लागेपर्यंत थांबतात.

"काकू, तुमचं काही थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "कारण त्या अहवालावर तुमचं काही चालूच नाही. थांबेल ते त्या दुसऱ्या बाईंचं. विचार करा आणि उद्या या."

राजमती उद्यापर्यंत थांबली नाही. तिनं तिथंच सही केली. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस होता तो. सकाळी ती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आली होती आणि पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो. तिला ते रस्त्यात आठवलं. तिनं रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

चार दिवसांनी मालनचा फोन आला. आपलं औषध थांबवलंय, कसलीशी तपासणी आहे म्हणे, असं तिनं सांगितलं. राजमतीनं असं कसं, असं कसं, म्हणून खूप नवल केलं. इतकं की स्वतःच्या कानाला ते खोटं वाटलं. बिनलसणाचं का होईना, जरा खात जा, एवढं मालन म्हणाली आणि फोन ठेवला.

निकालाला लागणाऱ्या तीन आठवड्यांचे पाच झाले. मालन दोनदा फोनवर बोलली, आणि दुसऱ्या खेपेला वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेत होती. राजमतीला ते ऐकू आलं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं, रात्री तिला झोप लागली नाही. पण सकाळी उठून तिनं आधी फोन बघितला, तो प्रयोगशाळेचा निरोप आलाय का म्हणून. दोन्ही खरं होतं.

निकालाच्या दिवशी ती भूपालला न घेता एकटीच गेली.

मुजावर मॅडमनी दार लावून घेतलं. ठोकळे बदललेले नव्हते. सात पेशी मालनच्याच, शून्य राजमतीचं. जनुकांची जुळणी पक्की होती, शंकेला जागा नाही. राजमतीनं मान हलवली. आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं तिला, आणि लाजही वाटली. ती उठायला लागली तेव्हा मॅडम म्हणाल्या, बसा, अजून संपलं नाही.

नव्या नियमावलीत आणखी एक कलम होतं. एकदा ठोकळा पुन्हा उघडला की त्याचं 'घड्याळ' वाचणं सक्तीचं. अंगातून तुकडा कापून काढला की त्याचं रक्त तुटतं, पण पेशी लगेच मरत नाहीत. उपाशी राहून धडपडतात. त्यांच्यातले काही रेणू वीस मिनिटांत मोडतात, काही तासाभरात, काही उलट वाढतात, आणि हा क्रम ठरलेला असतो. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या बरणीत बुडवलं की सगळं जिथल्या तिथं थांबतं. तेव्हा मोडतोड कुठवर आली होती हे मोजलं की तुकडा किती वेळ उघडा पडला होता ते मिनिटांत सांगता येतं, सहा वर्षांनीसुद्धा. पूर्वी हे कळायची सोय नव्हती. नोंदवहीत वेळ लिहायचा रकाना होता, तो कुणी भरत नसे.

मॅडमनी सोपं करून सांगितलं. वांगं चिरलं की आपण लगेच पाण्यात टाकतो. नाही टाकलं तर काळं पडतं. मग ते मुळात कसं होतं हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. हर-टूची रेघ अशीच नाजूक असते, तासाभरानंतर विरायला लागते. म्हणून तासाच्या आत बुडवलेला तुकडाच प्रमाण मानायचा, असा आता नियम आहे.

"वायदंडेबाईंचा तुकडा अकरा मिनिटांत बुडवलाय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा तीन तास दहा मिनिटं उघडा होता. तुमचं शून्य हे शून्य नाही, काकू. ते न वाचता येणारं पान आहे. तुमचा अहवाल रद्द झाला, आणि आता नव्या सुईला मंजुरी मिळेल." मग त्यांनी चष्मा खाली ओढला. "पण एवढा वेळ तो होता कुठं?"

राजमतीला काय ठाऊक! ती तर गुंगीत होती.

घरी आल्यावर तिनं भूपालला तो दिवस विचारला. अर्जाचं, निकालाचं काही सांगितलं नाही, नुसतं त्या सकाळी काय काय झालं ते विचारलं. भूपालचा चेहरा खुलला. त्या दिवसाबद्दल बोलायला त्याला कायमच आवडायचं. डॉक्टर स्टीलच्या वाडग्यात काढलेलं घेऊन बाहेर आले, म्हणाला, आपल्याकडे दाखवायची पद्धतच आहे, घरच्यांची खात्री पटावी म्हणून. सगळ्यांनी बघितलं. सतरा माणसं होती आपली. सिस्टर म्हणाली, नेऊ का आता? तर तात्या म्हणाले, थांबा, शेडबाळचे मामा यायचेत, वडीलधारं माणूस बघितल्याशिवाय न्यायचं नाही. मामांची कागवाडला बस चुकली. मग वाडगा तिथंच बाकावर ठेवला, वर हिरवा कपडा टाकून, आणि डॉक्टर पुढच्या ऑपरेशनला आत गेले. सिस्टर परत दोनदा आली. तात्यांनी तिला चहा पाजला. मामा दीड वाजता आले. चष्मा लावून बघितलं, हात जोडले, म्हणाले, गेली पीडा. मग नेऊ दिलं.

"एवढ्या माणसांत कुणाचं ऑपरेशन झालं नसेल मिरजेत," भूपाल म्हणाला.

मामा दोन वर्षांपूर्वी गेले होते, तात्या अंथरुणाला खिळलेले. राजमतीच्या जिभेवर सगळं आलं होतं. तुमच्या सतरा माणसांनी आणि तुमच्या मामांनी पंख्याखाली बसून माझ्या गाठीतली खूण वाळवली, हे तिला ओरडून सांगायचं होतं. तिनं भूपालकडे बघितलं. आपण बायकोसाठी काही उणं ठेवलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस सहा वर्षं तग धरून होता. ती म्हणाली, हो, मामांची फार माया होती. आणि तिनं उठून चहा टाकला.

पण चहा उकळेपर्यंत तिला दुसरं दिसायला लागलं. तसाच दुसरा वाडगा घेऊन डॉक्टर दुसऱ्यांदा बाहेर आले असतील. वायदंडेंचं कोण आहे, म्हणून विचारलं असेल. कुणी उठलं नसेल. सतरा मगदुमांनी क्षणभर बघितलं असेल आणि परत आपल्या गप्पांना लागले असतील. मग डॉक्टरांनी वाडगा तसाच आत नेला असेल. अकरा मिनिटं. मालनला कुणी नव्हतं म्हणून मालन वाचत होती. ज्याची आपण सहा वर्षं कीव केली, त्याचाच राजमतीला त्या चहाच्या पातेल्यापुढं उभं राहून इतका हेवा वाटला, की जीव घाबरा झाला.

सुई झाली. यंत्राच्या हातानं, रक्तवाहिनीच्या कडेकडेनं, अर्ध्या तासात. तुकडा घेतल्याबरोबर बरणीत गेला, राजमतीनं झोपल्या झोपल्या मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आठवड्यानं उत्तर आलं, शंभरात एकवीस. औषध मंजूर. घरात पेढे आले, दीर-नणंदा आल्या, तात्यांनी अंथरुणातून हात वर केला. राजमतीनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि एकवीस हा आकडा सातापेक्षा तिप्पट आहे हे तिच्या मनात येऊन गेलं. लपवण्यात काय अर्थ आहे? आलं.

पहिल्या डोसाच्या दिवशी ती डे-केअरमध्ये गेली तर मालन कोपऱ्यातल्या खाटेवर अर्धवट बसलेली. नाकाला प्राणवायूची नळी. गालावरची तुकतुकी गेलेली. पाच आठवड्यांत पाणी पुन्हा भरलं होतं. आधी ते काढायचं आणि मग औषध पहिल्यापासून, असं ठरलं होतं. पूर्वीइतका गुण येईल का, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मालननंही विचारलं नव्हतं.

"ये अक्का," मालन म्हणाली. "एकवीस म्हणं. बरं झालं बघ."

राजमती तिच्याजवळ बसली. सांगायचं कसं याची तिनं घरून खूप तयारी केली होती, ती सगळी बोंबलली. तिनं सरळ सांगून टाकलं. अर्ज मी केला होता. तुझं औषध माझ्यामुळं थांबलं. मला बघवत नव्हतं.

मालननं श्वास घेतला. एकदा, दोनदा. "मला ठाऊक हाय की," ती म्हणाली.

मग ती थांबत थांबत बोलली. ओळख जुळवायची तर दोन्ही रुग्णांची संमती लागते. मुजावर मॅडमनी तिला बोलावून कागद पुढं ठेवला होता. नाव नव्हतं त्यावर, पण त्या सकाळी त्या टेबलावर दोघीच होत्या, तिसरी कोण येणार? कागदावर दोन चौकोन होते. मान्य आणि अमान्य. अमान्यवर खूण केली असती तर अर्ज तिथंच निकालात निघाला असता आणि तिचं औषध चालू राहिलं असतं. मॅडमनी हे दोनदा समजावून सांगितलं होतं.

"मग मान्यवर केलीस कशाला?" राजमतीचा आवाज चढला. तिला स्वतःलाच कळेना आपण हिच्यावर का चिडतोय.

"तुझं असलं तर?" मालन म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं विनातिकीट माणूस गाडीत बसू दिला नाही मी. सख्ख्या मामाला उतरवलं होतं माळवाडीला. आणि स्वतः तुझ्या तिकिटावर बसू व्हय?" तिनं परत श्वास घेतला. "लई राग आला होता पण तुझा. महिनाभर शिव्या घातल्या. तुझ्याभोवती माणसं बघितली की तेव्हाही यायचा. डबा खाताना सुद्धा."

राजमतीला यावर शरम वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. पहिल्यांदा तिला पुन्हा हेवाच वाटला. मालनला ते जमलं, आपल्याला जमलं नसतं. तो कागद आपल्यापुढं आला असता तर आपण डोळे मिटून अमान्यवर खूण केली असती आणि घरी जाऊन नातीला मांडीवर घेतलं असतं. आपल्या एकवीस पेशी असूनही ही बाई आपल्या पुढंच राहिली. आणि जिला आपलं मन वाचता येतं अशी एवढी एकच बाई जगात आहे, आणि तिला आपण मारायला निघालो होतो. राजमती रडायला लागली. मालननं तिला रडू दिलं, उगी उगी वगैरे केलं नाही.

तेवढ्यात नर्स पाणी काढायच्या तयारीचं सामान घेऊन आली. हातात संमतीपत्र. फुप्फुसाशेजारी सुई जाणार, तर रुग्णासोबत जबाबदार नातेवाइकाची सही आता सक्तीची झाली होती, हीसुद्धा नव्या नियमावलीची देणगी. मालन म्हणाली, कुणी नाही, मीच करते. नर्स म्हणाली, नाही चालत मावशी आता, कुणीतरी बोलावून घ्या, नाहीतर उद्यावर जाईल.

राजमतीनं डोळे पुसले आणि कागद ओढून घेतला. सही केली, फोन नंबर घातला, पुढच्या रकान्यात रुग्णाशी नातं विचारलं होतं तिथं काय ते लिहिलं आणि कागद परत दिला.

नर्सनं वाचलं आणि दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "जाऊ? तुम्ही मगदूम आणि या वायदंडे, मग जाऊ कशा?"

"सख्खी जाऊ," राजमती म्हणाली. "बहीण लिहिणार होते. पण बहिणी एकमेकींवर एवढ्या जळत नाहीत."

मालनला हसू आलं. हसता हसता तिला धाप लागली, खोकला आला, नळी नाकातून निसटली. राजमतीनं एका हातानं नळी बसवली आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवून, सुई येईपर्यंत, तिला सरळ धरून बसली.